माणशी सातशे लिटर

आकडेवारीत माझा हात धरणारा कुवेतमध्ये कोणी नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. २००१ साली तिथल्या एका पाणी कंपनीने पुढच्या पंचवीस वर्षांच्या पुरवठ्याचा आराखडा केला, त्यातलं हवल्ली या वस्तीचं प्रकरण संपूर्ण माझं होतं. हवल्लीतल्या वीस इमारतींची मीटरं तीन महिने रोज वाचायची, असं काम. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री. मी शास्त्रशुद्ध मार्ग काढला. ऑफिसला जाताना आमच्याच इमारतीचं मीटर वाचायचं आणि वीसने गुणायचं. आकडे फार सारखे दिसू नयेत म्हणून अधूनमधून जरा विस्कटायचे.

उत्तर आलं, माणशी रोज सातशे लिटर. म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारे दोन नवे कारखाने. आमचे साहेब विजयकुमार खूश झाले. त्यांना मोठे आकडे आवडत.

मग आराखड्यावर जाहीर सुनावणी लागली. तीन जणांची समिती, अध्यक्ष अबू फहद. निवृत्त इंजिनियर, हातात सतत जपमाळ. त्यांनी माझं पान उघडलं आणि माळ थांबली.

"माणशी सातशे? ही माणसं काय हत्ती धुतात?"

हॉलमध्ये दोनशे लोक होते. सगळ्यांना उत्तर हवं होतं, मलासुद्धा.

"सांस्कृतिक कारणं आहेत, सर," मी म्हणालो.

"उत्तम. शनिवारी सकाळी सात वाजता दाखव. एकच इमारत पुरे. तुला हवी ती निवड."

परतताना विजयकुमार शांतपणे गाडी चालवत होते. सिग्नलला म्हणाले, "नचिकेत, आकडा खरा निघाला तर काही प्रश्न नाही. खोटा निघाला तर तुझा इकामा रद्द, इथलं राहणं बंद. विमानतळावर मी स्वतः सोडायला येईन. सामान किती आहे तुझं?"

इमारत कुठली निवडायची हा प्रश्नच नव्हता. खरंखुरं वाचलेलं मीटर एकच होतं. आठ बिऱ्हाडं, सगळी मराठी. कोणी तेल कंपनीत, कोणी जाब्रियाच्या हॉस्पिटलात. पण ही सज्जन मंडळी सातशे लिटर संपवतात कशी, ते मला माहीत नव्हतं. मी वरच्या मजल्यावर विजयाकाकूंकडे गेलो.

मोरीत दोन पिंपं, सहा बादल्या, तीन हंडे, एक घंगाळ. सगळं काठोकाठ.

"काकू, हे एवढं कशाला?"

"पाणी गेलं तर?"

"इथे चोवीस तास पाणी असतं."

"नाशकालाही असंच म्हणायचे."

"आणि रोज सकाळी?"

"रोज सकाळी ओतायचं, नवं भरायचं. शिळं पाणी काय प्यायचं? आठही घरांत हेच चालतं बाबा. मी एकटी नाही."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी सांगितलं, "काकू, शनिवारी सकाळी सरकारी माणसं पाण्याची चौकशी करायला येणार आहेत. सगळ्यांना सांगा, रोजच्यासारखं वागा."

एवढं वाक्य मी बोलायला नको होतं. मराठी घरात बाहेरचं माणूस येणार म्हटल्यावर रोजच्यासारखं कोणी वागतं का?

शनिवारी सातला समिती तळमजल्यावर मीटरपाशी उभी राहिली. मीटरमधलं लाल चाक हललं नाही. सव्वासात झाले. साडेसात झाले. आठ बिऱ्हाडांत एकाने चूळसुद्धा भरली नाही. विजयकुमार माझ्या कानाशी म्हणाले, "सामान वीस किलोच्या आत ठेव."

आम्ही वर गेलो. काकूंची मोरी कोरडी, पुसलेली, कोपऱ्यात एक तांब्या. पिंपं गच्चीवर चादरीखाली झाकलेली होती, हे मला नंतर कळलं.

"रोज पाणी किती लागतं?" अबू फहदांनी मोडक्या हिंदीत विचारलं.

"एका बादलीत अंघोळ आणि धुणं," काकूही हिंदीत म्हणाल्या. "पाण्याची किंमत आहे आम्हाला."

मी डोळ्यांनी खुणा करत होतो. त्यांना वाटलं, मी शाबासकी देतोय. "मुलं तर अर्ध्या बादलीत करतात," त्यांनी भर घातली.

समोरच्या योगिनीताई मागे कशा राहतील? "आमच्याकडे तर एक दिवसाआड."

वरच्या मजल्यावरचे लक्ष्मीकांतराव म्हणाले, "आम्ही ओल्या पंच्याने अंग पुसतो."

वास्तविक हे गृहस्थ अंघोळीला बसले की चहा आत मागवायचे. समितीने लिहून घेतलं, माणशी तीस लिटर. अबू फहदांनी वही मिटली आणि माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला इकाम्यावरचा शिक्का दिसायला लागला.

खाली समितीचे दोघे गाडीत बसून निघून गेले. अबू फहद निघणार तेवढ्यात इमारतीचा रखवालदार रफीक चहा घेऊन आला. चहाला नाही म्हणणं अबू फहदांना जमेना. मीटरसमोरच्या स्टुलावर बसून ते फुंकर मारत पिऊ लागले.

वर बाल्कनीतून काकूंना फक्त गाडी जाताना दिसली.

"गेले हो!" अशी हाक जिन्यातून सगळ्या मजल्यांवर फिरली. पहाटेपासून तुंबलेली आठ बिऱ्हाडं एकदम मोकळी झाली. अंघोळी, धुणी, भांडी, शिवाय पिंपं. गच्चीवरची टाकी उतरली आणि खाली मीटरचं लाल चाक पंख्यासारखं गरगरू लागलं. फरशीखालचा पाइप घशात काही अडकल्यासारखा खाकरत होता.

अबू फहदांनी पेला खाली ठेवला, चष्मा लावला आणि घड्याळ काढलं. दहा मिनिटं ते हलले नाहीत. मग अबू फहदांनी वहीत गुणाकार केला, तपासला आणि उठले.

"सातशे हा आकडा चूक आहे," ते म्हणाले.

"हो, सर," मी म्हणालो. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"अकराशे आहे."

आराखडा मंजूर झाला, दोनऐवजी तीन कारखान्यांसह. माझा इकामाही वाचला. फक्त फाइलमध्ये एक लेखी ताकीद लागली. हवल्लीचा पाणीवापर निष्काळजीपणे कमी दाखवल्याबद्दल. मी मुकाट्याने सही केली. खुलासा द्यायचा तर बराच द्यावा लागला असता.