जावईबुवांची कुजबूज

सुरतेत प्लेग आला तेव्हा आख्ख्या लिंबायतमध्ये न घाबरलेला माणूस एकच होता, आणि तो मी! नाव योगराज. लूमवर कापड काढतो आणि रोज सकाळी ओट्यावर बसून गल्लीला पेपर वाचून दाखवतो. पेपर गुजराती, गल्ली खानदेशी, त्यामुळे माझा भाव वधारलेला. बातमी मी सांगेन तीच! "ज्याला माहिती असते तो घाबरत नाही," असं मी सगळ्यांना बजावत होतो. अडचण एवढीच होती की माझी माहिती ऐकली की लोक उठून थेट उधना स्टेशन गाठत होते.

बातम्याही काय एकेक! पिसू म्हणे स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट उडी मारते. परदेशानं विमानं बंद केली. (आमच्या गल्लीत कुणाचं काही अडलं नाही.) औषधाच्या दुकानातून कॅप्सूल गायब झाल्या, मग रुमाल गायब झाले. ज्या सुरतेतून रोज ट्रकच्या ट्रक भरून कापड निघतं, त्या सुरतेत तोंडाला बांधायला फडकं मिळेना! मी शेटच्या गोडाऊनमधून पिवळ्या जॉर्जेट साडीचा तुकडा आणला. त्यावर मोर होते.

छगन माझ्या शेजारच्या लूमवरचा. तो एक दिवस धापा टाकत आला. "योगराजभाऊ, दारू पिणाऱ्याला प्लेग होत नाही म्हणे!"

"गुजरातेत ही बातमी खरी असून उपयोग काय, छगन?"

अशा वेळी मी सवयीनं मागं वळून बघायचो, आणि दारात कुणी नसायचं. माझी बायको वर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. ती असती तर आतूनच म्हणाली असती, "झालं का वाचून? द्या तो पेपर इकडे, डब्यांखाली घालायचाय." मी बातम्या वाचायचो गल्लीला, पण ऐकवायचो तिलाच. ती हसली की बातमी चांगली, नाहीतर डब्यांखाली. आता डबे रिकामे, फळीवरचे पेपर पिवळे पडलेले, आणि मी गमतीच्या बातम्या कापून उशीखाली ठेवतोय, ती आली की सांगू म्हणून! फार आठवण यायची हो. प्लेगाची भीती वाटत नव्हती, पण संध्याकाळी कुलूप उघडायची वाटायची.

पोळ्याच्या दिवशी पोर झाली होती. शेटच्या फोनवर निरोप आला, "मुलगी, बापावर गेलीय." बाप तिला बघायला निघाला, तर शेट म्हणाला, "दिवाळीचा माल कोण काढणार?" आणि आता लूमच बंद! सगळ्या जगाला संकट दिसत होतं, मला सुट्टी दिसत होती.

छगनही मधे गावाला पळाला होता, तो तेवढ्यात परत आला. गावानं त्याला वेशीवरूनच हाकललं होतं.

"आणि योगराजभाऊ, तुमच्या सासरवाडीला तर जाऊच नका," तो म्हणाला. "वेशीवर काठी घेऊन कोण बसलंय माहितीये? तुमचे सासरे!"

माझे सासरे बन्सीलाल यांना आयुष्यात कुणी कसलं पद दिलं नव्हतं. गावानं त्यांना नाक्यावर बसवलं आणि त्यांनी भर पारावर गर्जना केली, "सुरतना माणूस गावमा घेवाना नही! मना जवाई उना तरी नही!" जावई आला तरी नाही, म्हणजे मीच!

आता मी काही अडाणी नव्हतो. डॉक्टरनं दिलेल्या कॅप्सूल शेवटपर्यंत घेतल्या होत्या. ताप नाही, खोकला नाही. तरी घरात तान्हं पोर होतं, त्यामुळे आत पाऊल टाकायचं नाही हे पक्कं. माझा बेत साधा होता. भर दुपारी, गाव शेतात गेल्यावर, कपाशीतून वाकत वाकत घराच्या मागं जायचं. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी मागच्या खळ्याकडे उघडते. खिडकीपासून पंधरा हात लांब उभं राहायचं, वर्षाला हळूच हाक मारायची, पोरीचं तोंड बघायचं, झबली ठेवायची आणि आल्या पावली परत. कुणाला पत्ता लागणार नाही! झबल्यांच्या पिशवीत मी आठवडाभराचे पेपरही कोंबले. वर्षाला दोन बातम्या तरी सांगाव्यात, एवढंच.

गाडीत सगळे एकमेकांना विचारत होते, "कुठून आलात?" आणि सगळे सांगत होते, "नवसारी!" आख्खा डबा नवसारीचा! मीही नवसारीचाच झालो. दोंडाईच्याला उतरलो आणि आडवाटेनं चालत सासरवाडीच्या शिवारात शिरलो. तोंडाला मोरांचा जॉर्जेट बांधला आणि कपाशीतून खळ्याच्या कडेला आलो. गाव शांत होतं. कडुनिंबाखाली बैल रवंथ करत होते. खिडकी उघडी, आणि आतून बारीक रडण्याचा आवाज! माझी पोर! छातीत असं काही झालं की पेपरात कधी वाचलं नव्हतं.

मी हळूच म्हणालो, "वर्षा!"

निंबावरचे बगळे उडाले. बैल उठून उभे राहिले.

मंडळी, इथं एक गोष्ट सांगायला हवी. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, शेकडो धोटे एकाच वेळी आपटत असतात. तिथं "पाणी दे" म्हणायचं तरी गळ्याच्या शिरा ताणाव्या लागतात. इतकी वर्षं तिथं काढल्यावर हळू बोलणं म्हणजे काय हे मी साफ विसरलो होतो, आणि सुरतेत ते कधी लक्षात आलं नाही, कारण तिथं आम्ही सगळे तसेच! माझ्या मते मी कुजबुजत होतो.

वर्षा खिडकीत आली. सुकली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. आधी मोर बघून दचकली, मग ओळखलं आणि तिचे डोळे भरले. मग दोन्ही हातांनी खूण केली. "हळू बोला ना! गाव जमा व्हई!"

"हळूच तं बोली ऱ्हायनू!"

दोन शेतं पलीकडं कुणीतरी ओरडलं, "काय व्हयनं रे?"

"पोर दखाड ना!" मी आणखी आवाज खाली आणला. निदान तसं मला वाटलं.

तिनं गाठोडं उचललं. टोपडं, दुपटं, त्यात कुठंतरी माझी पोर. वर्षा दुपट्याचं टोक बाजूला सारत होती. कपाळ दिसलं, मग नाक दिसलं आणि माझा धीर सुटला.

"अगं, नाक माझंच आहे!"

हे शेजारच्या गावालाही समजलं असणार. काठ्या, कुदळी, विळे घेऊन आख्खं शिवार धावलं. सगळ्यांच्या पुढं सासरे!

"कोन शे रे तठे?"

"मी शे! जवाई!"

"कोना जवाई?"

"तुमनाच!"

सासऱ्यांची काठी हवेतच राहिली. मागून कुणीतरी किंचाळलं, "सुरतवाला!" आणि धावत आलेलं गाव जागच्या जागी थांबलं. पकडायचं तर होतं, पण हात कोण लावणार? मला गराडा पडला, पण चांगला ऐसपैस. मी खुलासा करायला एक पाऊल पुढं टाकलं, गाव एक पाऊल मागं सरकलं. मी मागं गेलो, गाव पुढं आलं. असं बराच वेळ चाललं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, नवरात्र लवकर सुरू झालं.

"आते काय करानं?" माझ्या सासूबाई, सरलाबाई, पदर तोंडाला लावून विचारत होत्या. त्यांना जावयाला हाकलायचं जिवावर आलं होतं. सासऱ्यांना शब्द मोडायचं जिवावर आलं होतं.

शेवटी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरनं निकाल दिला. "मी सांगेन तोवर यानं खळ्यातल्या खोपीत राहायचं, जेवण लांबून ठेवायचं." खळं गावात धरायचं की गावाबाहेर, यावर पारावर चर्चा झाली आणि जावयापुरतं ते गावाबाहेर धरलं गेलं. सासऱ्यांचा शब्दही राहिला, माझीही सोय झाली.

पहिला दिवसभर मी खोपीच्या दारातून त्या खिडकीकडे बघत बसलो. जगात एवढी वाहनं, पण हे थोडंसं खळं ओलांडायला माझ्याकडे काही नव्हतं. पोर रडत होती, सतत रडत होती. तीन आठवडे ती धड झोपली नव्हती म्हणे. ओव्याची धुरी झाली, दृष्ट काढून झाली. गावातल्या शांत घरात ती टक्क जागी राहायची आणि टाहो फोडायची.

दुसऱ्या दिवशी गाव बांधावर येऊन बसलं, अर्थात लांब. सुरतेचा माणूस घरात नको, पण सुरतेची बातमी हवी! "जवाईबुवा, काय चालू शे तिकडे?" मग काय, पिशवीतले पेपर काढले आणि सुरू झालो. पिसूची उडी, बंद विमानं, रुमालांचा दुष्काळ. माझी नजर मात्र खिडकीवर. मला त्या बातम्या एकीलाच सांगायच्या होत्या, आणि आता आख्खं गाव ऐकत होतं. "दारू पिणाऱ्याला" या बातमीला बांध कोसळेल इतके लोक हसले, आणि खिडकीतून वर्षा हसताना दिसली! त्या क्षणी मला प्लेग झाला असता तरी चाललं असतं.

इतक्यात सरलाबाई मागच्या दारातून धावत आल्या. "पोर झोपी गई!"

मी थांबलो. आत टाहो!

"वाचा! वाचा ना हो!"

मी वाचलं, रडणं बंद! थांबलो, रडणं सुरू! गाव थक्क झालं. वर्षाला मात्र उलगडा झाला. सुरतेत आमची खोली खात्याच्या भिंतीला लागून. पोटात असल्यापासून पोरीनं भिंतीपलीकडचा खडखडाटच ऐकलेला. तिला शांततेत झोप कशी येणार?

त्या दिवसापासून मी पहाट झाली की सुरू! पेपर संपले की पुन्हा पहिल्यापासून. आणि अधल्यामधल्या वेळात, कुणी नसताना, मी खरं कुजबुजण्याचा सराव करत होतो. पोरीला मांडीवर घेतल्यावर पहिला शब्द हळू बोलायचा होता, बापाला शोभेल असा.

शेवटी डॉक्टरनं परवानगी दिली. मी कढत पाण्यानं अंघोळ केली, नवा सदरा घातला आणि ते खळं ओलांडलं. वर्षानं पोर माझ्या मांडीवर दिली. एवढीशी, उबदार, खरोखर माझ्या नाकाची! मी वाकलो आणि तिच्या कानाशी म्हणालो, "बाळा." आणि काय सांगू, खरोखर कुजबूज निघाली! वर्षासुद्धा चकित!

पोरीनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि असं भोकाड पसरलं की निंबावरचे उरलेसुरले बगळेही गेले.

"मोठ्यानं बोलून बघा," वर्षा म्हणाली. मी मोठ्यानं बोललो. ती दुप्पट रडली. जवळून मोठा आवाज नको, जवळून हळू आवाज नको. तिला भिंतीपलीकडचाच हवा! सरलाबाईंनी पोर माझ्या मांडीवरून अलगद उचलली आणि फार प्रेमानं म्हणाल्या, "जवाईबुवा, तुम्ही आपला खळामाच बरा."

तर मी पुन्हा खोपीत आहे. आता प्लेगाचा संशय नाही, सासऱ्यांची बंदी नाही, उलट तेच सकाळी चहा आणून देतात आणि म्हणतात, "करा सुरू." काल वाचता वाचता मला राहवलं नाही. पेपर खाली ठेवून मी नुसता खिडकीकडे बघत राहिलो. आत वर्षा पोरीला थोपटत होती. तिनंही वर पाहिलं. आम्ही दोघं तसेच. आत लगेच कुरकुर सुरू झाली.

"अहो, वाचा ना पुढं!" वर्षा म्हणाली. डोळे पुसत हसत होती.

बातम्या संपल्या होत्या. मी पेपर उलटून जाहिरातींचं पान काढलं, खाकरलो, आणि माझ्या पोरीसाठी सगळा जीव ओतून ओरडलो, "नवसारीत एक म्हैस हरवली आहे! डावं शिंग मोडकं! आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस!"