सुयुंचूची शेळी

"सुयुंचू, काकू, सुयुंचू! साबीरदादा आला!"

पंधरा वर्षांची केन्जे टेकडीवरून ओरडत आली तेव्हा बात्माकाकू अंगणात शेळीची धार काढत होत्या. लढाईची तिसरी पानगळ होती. किर्गिझ डोंगरातल्या त्या गावात म्हातारे, बायका आणि पोरंच उरली होती, आणि काकूंच्या एकुलत्या एका साबीरची उन्हाळ्यापासून खबर नव्हती.

आनंदाची बातमी जो सगळ्यांत आधी आणेल त्याला हाताला येईल ते द्यायचं, ही सुयुंचू. काकूंच्या हाताला शेळीचं दावं आलं. ते केन्जेच्या हातात कोंबून त्या अनवाणीच रस्त्याला लागल्या.

केन्जेने पाहिला होता फक्त एक लष्करी कोट आणि घोड्यावर डावीकडे कलून बसलेला माणूस. साबीर तसाच बसायचा. जवळ जाऊन तोंड बघायला हवं होतं, पण तेवढ्यात दुसऱ्याच कुणी बातमी पोचवली असती म्हणजे?

एव्हाना गावभर बोंब झाली होती. शेजारणींनी पिठाच्या पिशव्या झटकून बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळायला घेतले. डोळ्यांनी अधू झालेल्या ओमोरआजोबांनी स्वाराला खाली ओढलं आणि त्याच्या कपाळाचे मुके घेतले.

"वाळलास रे पोरा. नाक तेवढं वाढलंय."

"आजोबा, मी..."

"बोलू नकोस. दमला असशील."

काकू धापा टाकत पोचल्या. दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरून त्यांनी नीट पाहिलं, आणि हळूच हात काढून घेतले.

"हा माझा नाही."

"मी झानिबेक," पाहुणा ओशाळून म्हणाला. "शाळेचा नवा मास्तर. पायात गोळी लागली म्हणून परत पाठवलं. मघापासून तेच सांगतोय, पण कुणी बोलू देईल तर ना."

केन्जेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आता स्वतः आजी आहे, तरी हे सांगताना तिचे कान लाल होतात. त्यात जुने मास्तर लढाईवर गेल्यापासून शाळा बंद होती, आणि ती उघडायला आलेल्या माणसाची वर्दी हिनंच दिलेली. आयती सुट्टी संपली म्हणून मैत्रिणी तिच्याकडे खाऊ की गिळू अशा बघत होत्या.

काकूंनी पाहुण्याची पडशी उचलली.

"दारात उतरलेल्याला उपाशी ठेवायची रीत नाही आपल्यात. चल रे आत. माझाही कुणाच्या तरी दारात उतरला असेल."

मास्तर मानाच्या जागी बसले आणि लाजत लाजत सगळे बोरसोक संपवून उठले.

संध्याकाळी केन्जे शेळी घेऊन काकूंच्या दारात उभी राहिली. "काकू, ही परत घ्या. चुकलंच माझं."

"दिलेली सुयुंचू परत घेतात होय गं? शेळी परत आली की बातमीही परत गेली."

"पण बातमी खोटी होती ना."

"खोटी कशानं? जरा लवकर आली, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून केन्जे रोज धार काढून अर्धं दूध काकूंकडे नेऊ लागली. काकू ते घेत, आणि न चुकता विचारत, "टेकडीवरून काही दिसलं?"

"नाही काकू."

"बघत जा. शेळी काही फुकट दिलेली नाही."

लढाई संपली त्या उन्हाळ्यात टेकडीवर पुन्हा एक स्वार दिसला, डावीकडे कललेला. या वेळी केन्जे पुलावर आडवी उभी राहिली.

"नाव?"

"अगं केन्जे..."

"नाव सांग. आईचंही सांग."

"बात्मा. डोकंबिकं फिरलंय का तुझं? घरी जाऊ दे मला."

तेव्हा कुठे ती पळाली. "सुयुंचू, काकू, सुयुंचू! या वेळी तोंड बघून आलेय!"

काकूंनी दाराची चौकट घट्ट धरली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता.

"आता कसली सुयुंचू मागतेस? तुझी शेळी दोनदा व्यायली की गं."

आणि त्या अनवाणीच रस्त्याला लागल्या.