पलीकडून बघणारे काशिनाथमामा

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. मुरबाडच्या बुद्धिबळ स्पर्धेत, भरल्या हॉलमध्ये, मी काशिनाथमामांवर लबाडीचा आळ घेतला.

मामांची किन्हवलीत भातगिरणी आहे. स्वतःची खेळी झाली की ते खुर्चीत थांबत नाहीत. उठतात, टेबलाला वळसा घालून समोरच्याच्या मागे उभे राहतात आणि तिथून पटाकडे बघून हळहळतात, "च्च! अवघड झालं रे तुझं." मग जागेवर येऊन ते आणखी अवघड करून ठेवतात.

माझं रेटिंग अठराशेच्या घरात, मामांचं जेमतेम चौदाशे. तरी माझा वजीर कोपऱ्यात अडकला. मागून आवाज आला, "कोंडला रे बिचारा."

मी पंचांना बोलावलं. "खिडकीतून यांना कोणीतरी खुणा करतंय. त्या बघायलाच हे मागे येतात."

पंचांनी सगळ्यांसमोर मामांचे खिसे रिकामे करायला लावले. चष्म्याचं घर आणि भाताचे चार दाणे निघाले. खिडकीबाहेर एक म्हैस रवंथ करत होती. तिचं रेटिंग कोणी विचारलं नाही. "आता जागचे उठू नका," पंच म्हणाले. मामा मुकाट बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी मला मात दिली.

पण त्यानंतर ते एकाही स्पर्धेला आले नाहीत. गिरणीवर भात घेऊन येणारेही म्हणायचे, "मामा, खिसा दाखव ना!"

हे कानावर आलं तेव्हा मी किन्हवलीला गेलो. गिरणीच्या ओट्यावर पट मांडलेला. मामा एकटेच. एक खेळी करायचे, पलीकडे जाऊन दुसरी करायचे, परत अलीकडे.

"गावात कोन खेळत नाय, सर. दोनी बाजूंनी मीच," ते म्हणाले. "पलीकडच्याचं पन बघाया लागतं. त्याला माझ्याशिवाय कोन हाय?"

मी हात जोडले. "मामा, चुकलो."

"इथं भाताच्या कोंड्याला सांगता काय? तुमी बोललात तवा हॉल भरला व्हता."

खरं होतं. शहापूरच्या पुढच्या स्पर्धेला मामांना मीच आग्रह करून नेलं. पहिल्या फेरीआधी माईक मागून घेतला.

"मुरबाडला काशिनाथमामांनी लबाडी केली नव्हती. खिडकीत कोणी नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मी हरत होतो, म्हणून खोटं बोललो. मामा, मला माफ करा."