घुगऱ्यांची निर्यात

सोनाळ्याच्या मनकर्णाबाईंच्या नातवाचं बारसं शेवटी धान्यबंदीच्या नाक्यावर झालं. मात्र असं बारसं तिथं झालंच नाही, हे सरकारनं ठासून सांगितलं आहे. तेव्हा आपणही ते झालं नाही असंच धरून चालू.

त्यांची मुलगी कोकिळा पलीकडे मध्य प्रदेशात दिलेली. लग्न झालं तेव्हा दोन्ही गावं एकाच प्रांतात होती. मग राज्यं वेगळी झाली, ज्वारीला हद्द ओलांडायची बंदी आली, आणि नवसाचा नातूही नेमका तेव्हाच आला. बारशाच्या घुगऱ्या विकतच्या ज्वारीच्या वाटल्या तर आजोळाचं नाक कापलं जाईल, असं मनकर्णाबाईंचं मत होतं. म्हणून त्यांनी नवऱ्याला, पुंजाजींना, गाडी जुंपायला लावली आणि घरच्या ज्वारीचं पोतं घेऊन निघाल्या.

नाक्यावरच्या पंजाबराव शिपायानं आडवा बांबू काही वर केला नाही.

"काऊन बाप्पा? माही पोरगी पलीकडे गेली तवा तं कोनी नाई अडवली."

"पोरगी धान्यात येत नाई, मावशी."

मग काय चालतं, असं बाईंनी विचारलं. शिजलेलं अन्न चालतं, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. बाईंनी बैल सोडायला लावले, तीन दगड मांडले आणि आहेराच्या नव्या पातेल्यात तिथंच ज्वारी शिजत घातली. सरकारनं व्यापार बंद केला होता. नाक्यावर कारखाना निघाला.

ज्वारी फुगली. पोत्यात मावत होती ती आता गाडीत मावेना. बंदीमुळं माल वाढला हे वर कसं सांगायचं, या काळजीनं पंजाबरावनं नवा नियम काढला: माणसामागं पोटभर अन्न, त्यावर दाणाही नाही.

"पोटात नेलं तं चालते ना?" बाईंनी शांतपणे विचारलं.

पोट उघडून बघायचा अधिकार त्याला नव्हता. "हाव," म्हणत त्यानं होकार दिला.

पुंजाजी पलीकडे जाऊन पाळण्यासकट लेक आणि व्याही घेऊन आले. मागून व्याह्यांचं सगळं गाव चालत आलं. जवळपास झाड नव्हतं, म्हणून पाळणा आडव्या बांबूलाच टांगला. मंडळी बांबूच्या अलीकडे जेवली आणि ढेकर देत पलीकडे गेली. पंजाबरावनंही पोटभर खाल्लं. बाळ झोपल्यामुळं बांबू संध्याकाळपर्यंत कुणालाच उचलता आला नाही. इतकी कडक बंदी त्या नाक्यावर कधीच पाळली गेली नव्हती.

वरून चौकशी आली, तेव्हा बाईंनी अंगठा उठवून उलट अर्जच दिला:

"नातवाचं जावळ जवळ आलं आहे. तरी राज्याची हद्द तेवढ्यापुरती व्याह्यांच्या गोठ्यामागं सरकवून मिळावी, ही विनंती. कार्यक्रम उरकताच ती जागच्या जागी आणून देण्यात येईल. त्यासाठी लागणारी गाडी व बैल अर्जदार स्वतःचे लावील."