सहाशे एकावी खुर्ची

नानासाहेबांच्या वहीत अकरा वर्षांत एका खुर्चीचाही फरक निघाला नव्हता. क्रांती चौकामागच्या त्या मंडपवाल्यांच्या गोदामात ते लाल खुर्च्या सांभाळत. एखादी हरवली, की ते वहीत 'मोडली' असं लिहीत. हरवलेल्या खुर्चीची चौकशी होते, मोडलेलीला कोण विचारतं?

आज दुपारी मालकीणबाई भामाबाई मोजणीला येणार होत्या. वहीतल्या सहाशे खुर्च्या जुळल्या, तर शेंद्र्याचं नवं गोदाम नानासाहेबांकडे. त्यांचं घरही शेंद्र्यातच. म्हणजे दुपारी घरचं गरम जेवण आणि वर लिंबाखाली तासभर झोप. सकाळपासून ते उघड्या डोळ्यांनी हेच बघत होते. लिंबाची सावली हलतानाही त्यांना दिसत होती.

तेवढ्यात वैजापूरच्या द्वारकाबाई डोक्यावर एक लाल खुर्ची घेऊन आल्या.

"भाऊ, पोरीच्या लग्नातली तुमची खुर्ची माळ्यावर राहिली व्हती. तीन वर्सं झाली. जिवाला लई लागलं."

"ऱ्हाऊ द्या की तुमच्याकडंच."

"दुसऱ्याची वस्तू? नाय जमायचं."

खुर्चीवर गोदामाचा शिक्का होता. वहीत मात्र ती तीन वर्षांपूर्वीच मोडून भंगारात गेली होती. नानासाहेबांनी तिच्यावर दोनदा धाडकन बसून बघितलं. ती साधी कुरकुरलीही नाही. मग त्यांनी ती हळूच फाटकाबाहेर ठेवली. त्या रस्त्यावर एरवी चप्पलसुद्धा टिकत नाही, पण पाच मिनिटांत एक रिक्षावाला ती उचलून आत आला.

"चाचा, कुर्सी बाहर रह गई थी. ध्यान रखो ना."

त्याच्या मागोमाग भामाबाई. त्यांनी तीच खुर्ची पंख्याखाली ओढली आणि बसल्या.

"मोजा नाना. मोठ्यानं."

नानासाहेब मोजू लागले. पंखा संथ फिरत होता, लाल रांगा डोळ्यांपुढे तरंगत होत्या. दोनशेला भामाबाईंचा डोळा लागला. चारशेला नानासाहेबही शेंद्र्याला पोचले होते, तोंड तेवढं मोजत होतं. सहाशेला रांग संपली. मालकीण जिच्यावर झोपली आहे, ती खुर्ची कोण मोजतं?

"सहाशे, बाई. बरोब्बर."

भामाबाई दचकून जाग्या झाल्या. "व्हय? मग शेंद्रा तुमचं."

नानासाहेबांना भरून आलं.

"आन् ही खुर्ची लई गुणाची हाय, बसल्या बसल्या झोप लागली. न्या तिकडं, माझ्याकडून भेट. वहीतून एक कमी करा."

भरल्या डोळ्यांनी नानासाहेबांनी पाचशे नव्व्याण्णव लिहिलं. समोर सहाशे तशाच उभ्या होत्या, हे ध्यानात आलं तेव्हा शाई वाळली होती.

भामाबाईंनी तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला.

"आता झोप उडाली. सही करायच्या आधी मी बी एकदा मोजते," म्हणत त्यांनी पहिल्या खुर्चीवर हात ठेवला. "एक."