सोबतीचे पौलसकाका

आमच्या सोसायटीत कोणाला दाढ काढायची असो, शेठकडे रजा मागायची असो, नाहीतर हरवलेल्या सायकलीची तक्रार द्यायला पोलीस चौकीत जायचं असो, पौलसकाका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून न बोलावता दारात हजर. लोक एकमेकांच्या आवडीनिवडी विचारतात. काका कोणाला कशाची भीती वाटते ते विचारायचे. आणि एकदा का ते कळलं, की त्या ठिकाणी तुम्हाला घेऊन गेल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

काका मूळचे जालन्याकडचे ख्रिस्ती. सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापडाच्या घड्या घालत नोकरी संपली, काकू गेल्या, आणि डिंडोलीत आमच्या समोरच्या खोलीत ते एकटेच राहायला आले. उंची बेताची, आवाज मात्र मिलच्या भोंग्याचा. निघताना ठरलेली घोषणा व्हायची, "प्रभू पुढं, मी मागं, तू मधात. आता कामून भ्यायचं?" मग गल्ली संपेपर्यंत खड्या सुरात भजन. बिचाऱ्या भ्यालेल्या माणसाला गुपचूप भिण्याचीही सोय उरायची नाही.

शेजारच्या रघुनाथची दाढ काढायला गेले, तर थेट खुर्चीशेजारीच उभे राहिले. "काका, तमे बहार बेसो," गुजराती डॉक्टर विनवत होता. काकांनी डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना सुरू केली, "प्रभू, या लेकराचा हात थरथरू देऊ नको." तोवर डॉक्टरचा हात ठीक होता. त्यानंतर तो असा काही थरथरायला लागला, की रघुनाथ बधिर झालेला जबडा धरून पळत सुटला, आणि त्याच्या मागे काका.

पण चेष्टा पुरे. प्लेगच्या साथीत अर्धं सुरत पळालं तेव्हा स्टेशनवर लेकरं-बोचकी सांभाळत रडकुंडीला आलेल्या बिऱ्हाडांबरोबर हा माणूस गाडीत चढायचा, त्यांना नंदुरबारपर्यंत पोचवायचा आणि उलट्या गाडीने पुन्हा सुरतेत यायचा. आम्हालाही त्यांनीच पोचवलं. "काका, आता इथंच थांबा," मी म्हणालो. "अरे, तिकडं अजून लोक भिऊन बसलेत," म्हणत ते दुसऱ्या फलाटाकडे निघालेसुद्धा. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. एवढं धैर्य समोरच्या खोलीत राहत असेल, तर आपल्या भित्रेपणाची फार लाज वाटते.

मी जात्याच भित्रा. गॅस बंद केलाय की नाही हे पाहायला जिन्यावरून परत येणाऱ्यांतला. अशा माणसाच्या बायकोच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट सोमवारी न्या म्हणाले. मधला रविवार मला आजही आठवतो. मंदा शांतपणे मेथी निवडत होती आणि मला तिच्या गळ्याकडे पाहवत नव्हतं. शेवटी तीच आपल्या अहिराणीत म्हणाली, "एकला जाऊ नका. काकास्ले संगे लई जा."

सोमवारी रिक्षात काका गायले नाहीत. यांनाही वाईट शंका आलेली दिसतेय, असंच मला वाटत राहिलं.

दवाखान्याच्या बाकावर ते बसले आणि मी आत गेलो. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला. तेवढ्यात मी मंदाशिवायचं अख्खं आयुष्य जगून घेतलं.

"चिंता ना करशो. सादी गांठ छे."

मी धावतच बाहेर आलो. काका बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. शर्ट घामाने चिंब, ओठ हलत होते. बातमी ऐकून त्यांना रडूच फुटलं. उठायला गेले आणि पुन्हा बाकाची कड धरून बसले.

"काका, काय होतंय?"

"काही नाही रे. भेलोय. दवाखान्याच्या वासानंच माझे पाय गळतात. चौकीत बी भेतो, शेठसमोर बी भेतो. प्लेगात तर गाडीत बसलो की उलट्या व्हायच्या."

"मग येता कशाला?"

"प्रभूकडं धीर मागितला की देतो तो. पण एकट्यापुरता नाही देत बघ. कोणासंगं निघालं, मगच देतो."

मी चहा आणला. अर्धा कप संपल्यावर ते जमिनीकडे बघत म्हणाले, "भास्कर, उद्या रजा काढशील? भेस्तानला जायचंय. माझा पोरगा राहतो तिथं."

यांना मुलगा आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

"रविवारी प्रार्थनेला देवळात यायचा नाही. लूमच्या कामावरून थकून यायचा अन् झोपायचा. एकदा मी त्याची कपड्यांची पेटी रस्त्यावर फेकली. देवाच्या नावानं फेकली बघ. आता क्षमा मागायचीय. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जातो अन् परत फिरतो. एकट्यानं होईना."

"उद्या कशाला? आत्ताच जाऊ."

काकांचा चेहरा पांढरा पडला. "आत्ता? अरे, शर्ट बघ माझा!"

वाण्याकडे फोन करून मी मंदाला खुशालीचा निरोप धाडला आणि रिक्षा भेस्तानकडे वळवली. सारा रस्ता काकांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

दार मीच वाजवलं. मुलाने उघडलं. बापाला पाहून तो तसाच उंबऱ्यात उभा राहिला, आत या म्हणाला नाही. काकांनी सवयीने माझ्याकडे बोट केलं. "हा भास्कर. याला एकट्यानं यायची भीती वाटत होती, म्हणून मी—"

ते थांबले. माझं मनगट त्यांनी सोडलं.

"नाही रे. भीती मलाच वाटत होती. माझं चुकलं, बाळा."

मुलाने खाली वाकून बापाच्या पायातल्या चपला काढल्या आणि घरात नेऊन ठेवल्या.