मरळीसाठी योग्य दोरी

एका जंगलात, मुलांनो, एक डोह होता. डोहात मरळ मासे होते आणि काठावरच्या बिळात म्हादबा नावाचं पाणमांजर आपल्या बायकोबरोबर राहत होतं. पाणमांजर पाण्यात उडी मारतं आणि तोंडात मासा धरून वर येतं. त्याला एवढंच येतं. म्हादबालाही एवढंच येत होतं आणि इतकी वर्षं ते दोघांना पुरलं होतं.

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. म्हादबाची बायको येसू आजारी पडली. आणि डोहाच्या काठी बगळे सरांनी मासेमारी मार्गदर्शन केंद्र काढलं.

येसूला अन्न जात नव्हतं. आठव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मरळ असती तर घासभर खाल्ली असती." म्हादबाला इतका आनंद झाला, की तो तसाच डोहाकडे धावत सुटला.

वाटेत केंद्र लागलं. दोन काठ्या काखेत धरून अस्वल तिथे तिसरी निवडत बसलं होतं. कुठे निघालास, असं त्याने विचारलं. आजारी येसूसाठी मरळ धरायला, म्हादबाने सांगितलं. कशाने धरणार?

"तोंडाने," म्हादबा म्हणाला.

अस्वल हसलं नाही. त्याने नुसतं बगळे सरांकडे पाहिलं. मुलांनो, ते हसलं असतं तर म्हादबा पुढे गेला असता.

बगळे सर फार सौम्य होते. घरात आजारी माणूस असताना घाई होणारच, असं ते म्हणाले. पण आजाऱ्याला द्यायचा मासा अंदाजाने धरून कसं चालेल? सकाळी मरळ वर येते. तिला तरंगता लाकडी बेडूक दाखवायचा. बेडकाला काठी ताठ लागते आणि दोरी विणलेली, अजिबात न ताणणारी. म्हणजे शेवाळातून मासा एका हिसड्यात बाहेर येतो. सरांनी स्वतः उठून काठी निवडून दिली.

म्हादबा दिवसभर बेडूक फेकत बसला. अर्धा वेळ गुंता सोडवण्यात गेला. संध्याकाळी तो घरी आला.

"काय आणलंत?" येसूने विचारलं.

"काठी."

"बरं. जरा मऊ शिजवा."

दुसऱ्या दिवशी सरांनी समजावलं, की बेडूक चुकला नव्हता, वेळ चुकली. ऊन चढलं की मरळ खाली जाते. तिथे बुडणारा लाकडी मासा हवा. त्याला ताठ काठी मुळीच चालत नाही. काठी वाकणारी हवी, दोरी थोडी ताणणारी, नाहीतर गळ माशाच्या तोंडातून निसटतो. अस्वलाने आपली एक काठी आपुलकीने वापरायला दिली. त्या दिवशी गळाला एक मुळी लागली.

तिसऱ्या दिवशी पाणी निवळलं. निवळ पाण्यात माशाला दोरी दिसते, म्हणून सगळंच बदलावं लागलं. आता रबरी गांडूळ, शेंड्याला नाजूक काठी आणि पाण्यात न दिसणारी दोरी. म्हादबा म्हणाला, ही मलाही दिसत नाही. सर म्हणाले, म्हणजे बरोबर आहे.

दुपारी म्हादबाची नजर केंद्राच्या मागच्या बाजूला गेली. सर पाण्यात एका पायावर उभे होते. मान खाली गेली, वर आली, चोचीत मासा होता. म्हादबाने विचारलं, की सर, तुमची काठी कुठे?

सरांनी आधी गिळलं. मग म्हणाले, "आमचं वेगळं आहे. आमचं घराण्यातच आहे."

म्हादबाला वाटलं, आपल्याही घराण्यात काहीतरी होतं. पण नेमकं काय, ते त्याला आठवेना.

त्या संध्याकाळी येसूने त्याचे पंजे हातात घेतले. दोरीने ते कापले होते. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"अहो, तीन दिवस झाले," ती म्हणाली. "तुम्ही कोरडेच घरी येताय."

उद्या दोरी बदलतो, असं त्याने सांगितलं.

"बदला," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी तो दोरी बदलत असताना ती गेली.

दहाव्या दिवशी काठावर पिंड ठेवला. सगळं जंगल आलं. कावळा फांदीवर बसला आणि बसूनच राहिला. मुलांनो, गेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा पिंडाला शिवत नाही. ती पुरी करू, असा शब्द द्यावा लागतो.

मंडळींनी शब्द द्यायला सुरुवात केली. वहिनींच्या नावाने दर वर्षी एका होतकरू प्राण्याला काठी देऊ, असं अस्वल म्हणालं. कावळा हलला नाही. सरांनी येसूबाई स्मृती व्याख्यानमाला जाहीर केली; विषय, दोरी आणि तिचे प्रकार. कावळ्याने तोंड दुसरीकडे वळवलं. मग मासेमारीच्या त्या तिसऱ्या दिवशी खरं तर विणलेली दोरी हवी होती की ताणणारी, यावर चर्चा सुरू झाली. दोन्ही बाजूंनी चांगले मुद्दे आले. ऊन वाढलं.

म्हादबा उठला. तो डोहाशी गेला आणि पाण्यात दिसेनासा झाला. सर नुकतेच "वास्तविक पाहता" म्हणाले होते. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो वर आला. तोंडात हातभर मरळ होती, शेपटी हलवणारी.

त्याने ती पिंडाशेजारी ठेवली. कावळा खाली उतरला आणि शिवला.

मग सर पुढे झाले. त्यांनी मरळीचा जबडा चोचीने उघडून आत पाहिलं. गळाची खूण नव्हती.

"ही धरली असं म्हणता येणार नाही," ते हळहळून म्हणाले. "आता कावळ्याला यातलं काय कळतं."

मंडळींनी माना हलवल्या. म्हादबा पिंडापाशी बसून होता. अंगावरून पाणी निथळत होतं आणि तो ते झटकत नव्हता.

तात्पर्य : घरी कोणी वाट पाहत असेल, तर आपल्याला सहज येतं ते करून मोकळं होऊ नये. आधी योग्य काठी आणि योग्य दोरी निवडावी. निवड पुरी होईपर्यंत वाट पाहणारं कोणी उरत नाही, आणि मग मासेमारी अगदी निवांतपणे करता येते.